वसमत रस्त्यावरचे थोराड निवडुंग आणि डिसेंबरची थंडी : एका बागेचे प्रकरण

परभणीहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, केळी आणि हळदीच्या पट्ट्यात, एका बागायतदाराने रस्त्याकडेच्या दोन एकरांत कृषी पर्यटन केंद्र उभारले आणि त्याच्या दर्शनी भागात मोठ्या निवडुंगांची बाग केली. झाडे लहान नव्हती. १४ सोनेरी गोल निवडुंग, म्हणजे रोपवाटिकांच्या भाषेत गोल्डन बॅरल, होते आणि त्यांतले काही दोन हातांच्या कवेत मावणार नाहीत एवढे होते. ९ उंच सेरियस, ब्राझीलकडचे निळसर खांबासारखे ६ पायलोसेरियस, ५ युफोर्बिया लॅक्टिया आणि ४ युफोर्बिया इंजेन्स धरून एकूण ३८ झाडे दोन ट्रकांतून आली होती. मृगाचा पाऊस पडल्यावर, इतर कोणतेही झाड लावतात त्याच सुमारास, ती लावली गेली. दिवाळीत केंद्र सुरू झाले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला बोलावणे आले, तेव्हा ३८ पैकी १५ झाडांना कमीअधिक इजा झालेली होती आणि एक सेरियस मुळापासून उन्मळून आडवा पडलेला होता.

बागेच्या मालकांचे वय साठीच्या पुढचे, आणि केळी पिकवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही. त्यांनी मला फाटकाशीच गाठले आणि विचारले, "सर, केळीला जेवढं केलं तेवढंच ह्यांना केलं, मग हेच काहून सडले?" या प्रश्नात निदानाचे अर्धे उत्तर होते, परंतु ते माझ्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

पहिली पाहणी

थंडीची लाट येऊन गेलेली असल्यामुळे सर्वांनी सगळी इजा थंडीच्या खात्यावर टाकली होती. तसे वाटणे स्वाभाविक होते. परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतील किमान तापमानाची नोंद दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते, आणि काही हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेला आहे. उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आकाश निरभ्र असते, पहाटेपर्यंत जमीन आपली सारी ऊब आकाशाकडे सोडून देते, आणि दुपारी मात्र अंगातले स्वेटर काढावे लागेल इतके ऊन तापते.

तरीही झाडे एकेक करून पाहिली तेव्हा इजा दोन वेगळ्या तऱ्हांची आहे, हे दिसू लागले. पायलोसेरियसच्या सहाही खांबांचे शेंडे वरून चार ते सहा बोटे पिवळट नारिंगी होऊन पुढे काळवंडले होते, आणि लॅक्टियाच्या पाचपैकी चार झाडांच्या फांद्यांची टोके करपल्यासारखी झाली होती. मात्र या झाडांचे बुंधे दाबून पाहिले असता घट्ट लागत होते. याउलट चार गोल्डन बॅरल वरून सोन्यासारखे पिवळेधमक, काटे जागच्या जागी, आणि तळाशी बोट लावले तर आत शिरत होते. त्यांतल्या एकाच्या बुंध्याशी बांबूची बारीक काडी खुपसून बाहेर काढली, तेव्हा तिच्यासोबत आंबूस वासाचा तपकिरी चिकट द्रव आला. पडलेल्या सेरियसचा आडवा छेद घेतला. मधला वाहक ऊतींचा कंकण, जो एरवी पांढरट हिरवा असतो, विटेसारखा लाल झालेला होता आणि ती लाली बुंध्यापासून तीन फूट वर चढली होती.

थंडीची इजा शेंड्यापासून आणि उघड्या आकाशाकडे तोंड असलेल्या बाजूने सुरू होते, कारण तोच भाग रात्री सर्वांत अधिक उष्णता गमावतो आणि तिथलीच वाढ कोवळी असते. पाण्याने होणारी सड खालून वर येते. हा एक फरक ओळखता आला तरी बाग पाहण्याचे निम्मे काम होते. येथे दहा झाडांना थंडीने शिवले होते आणि पाच झाडे पाण्याने मारली होती, आणि गंमत अशी की जी पाच पाण्याने गेली ती जातीने थंडीला अधिक कणखर होती.

कोणते झाड कुठले

या ठिकाणी थोडे विषयांतर वाटेल, पण आपल्या भाषेतील एका शब्दाने या बागेत बराच घोटाळा केला. निवडुंग हे नाव मराठीत मूळचे आपल्याच मातीतल्या चिकाळ झाडांचे, म्हणजे युफोर्बिया कुळाचे. शेताच्या कुंपणाला लावतात तो तीनधारी निवडुंग त्यातलाच. अमेरिका खंडातून फड्या निवडुंग आला, मागोमाग इतर कॅक्टस आले, आणि या सगळ्यांनी तेच नाव उसने घेतले. त्यामुळे मालकांच्या लेखी ३८ ही झाडे एकाच जातीची, वाळवंटातली आणि म्हणून सारख्याच स्वभावाची होती. प्रत्यक्षात त्यांतली नऊ झाडे कॅक्टस नव्हतीच, आणि जी कॅक्टस होती त्यांतलीही सगळी वाळवंटातली नव्हती.

पायलोसेरियस हा ईशान्य ब्राझीलच्या उष्ण, कोरड्या झुडपी रानातला आहे; तिथे हिवाळा म्हणावा अशी थंडी नसते, आणि पारा १० अंशांच्या खाली गेला की तो कुरकुरू लागतो. लॅक्टिया ही उष्णकटिबंधीय आशियातली, तिचीही तीच कथा. गोल्डन बॅरल मात्र मध्य मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला असून कोरड्या मुळांवर तो शून्याखालचे काही अंशसुद्धा थोडा वेळ सोसतो. सेरियसही हलकी हिमरात्र काढू शकतो. म्हणजे परभणीच्या कोणत्याही हिवाळ्याने या दोघांना मारायला नको होते.

मोठ्या निवडुंगांच्या थंडीचा अभ्यास शंभराहून अधिक वर्षांपासून चालू आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराजवळच्या टुमामॉक टेकडीवर १९०३ मध्ये वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि तेथील फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९११ मध्ये सग्वारो या महाकाय निवडुंगाविषयी असे मांडले की त्याची उत्तरेकडील हद्द पारा किती खाली गेला यापेक्षा तो गोठणबिंदूखाली सलग किती वेळ राहिला यावर ठरते. रात्री गोठवणारी थंडी पडली तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ऊब मिळाली तर झाड वाचते, दुपारही गोठलेलीच गेली तर मरते. पुढे १९८० च्या सुमारास पार्क नोबेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जाड बुंधा आणि शेंड्यावरची लोकर व काट्यांची दाटी यांमुळे वाढीच्या टोकाचे तापमान रात्री कमी घसरते. त्याच भागातील ऑर्गन पाइप निवडुंगाच्या खांबांवर जागोजागी आवळलेल्या कंबरेसारख्या खाचा दिसतात. ज्या हिवाळ्यात शेंडा गारठला त्याची ती खूण असते.

आपल्याकडे दिवसभर गोठलेली हवा कधीच नसते. मग परभणीकडे आणि टूसॉनकडे फरक काय? टूसॉनला वर्षाचा पाऊस सुमारे ३०० मिलिमीटर, परभणीला साधारण ९००. तिथली जमीन वाळू-खड्यांची, इथली काळी. ही काळी माती केळीला आईसारखी आणि निवडुंगाला सासूसारखी वागते.

पाण्याचा हिशेब

माळीमामांना मी जूनपासूनचा सगळा क्रम सांगायला लावला आणि वहीत उतरवून घेतला. लावणीसाठी काळ्या मातीत तीन फुटांचे खड्डे खणले, त्यात शेणखत भरले, वर झाड ठेवले. परिणामी प्रत्येक खड्डा म्हणजे चिकणमातीच्या भांड्यात भरलेले पाणी शोषणारे खत झाले, आणि पावसाळाभर ते पाणी कुठेही गेले नाही. ट्रकात चढवताना तुटलेली मुळे त्या ओलीत जखमी अवस्थेतच होती. परतीचा पाऊस ऑक्टोबरात पुन्हा झोडपून गेला. त्याच महिन्यात, दिवाळीला बाग हिरवीगार दिसावी म्हणून ठिबकमधून युरिया सोडला गेला, आणि ज्या काळात झाडाने वाढ थांबवून आत पाणी कमी करायला हवे, त्याच काळात शेंड्यावर लुसलुशीत फूट आली.

निवडुंग थंडीसाठी तयारी करतो ती अशी : जमीन सुकत जाते, खोडातले पाणी उतरते, अंग किंचित आक्रसते, पेशीरस दाट होतो, आणि दाट रसाची पेशी थंडीला अधिक तग धरते. उभ्या शिरा थोड्या खोल गेलेला, जरासा भुकेला दिसणारा निवडुंग डिसेंबरात उत्तम समजावा. या बागेतले निवडुंग मात्र टम्म फुगलेले होते, आणि मालकांना ते पाहून समाधान वाटत होते.

त्यानंतर थंडीची लाट आली आणि मालकांनी केळीबागेचा उपाय केला. केळीला थंडीच्या दिवसांत रात्री पाणी द्यावे हा रूढ सल्ला आहे आणि तो केळीपुरता बरोबर आहे. बोअरचे पाणी हवेपेक्षा कोमट असते, ओली जमीन ऊब धरून ठेवते, आणि केळीची मुळे ते पाणी वापरतात. म्हणून सलग नऊ रात्री पहाटे तीनपासून ठिबक चालू राहिले. पण गार मातीत निवडुंगाची मुळे जवळजवळ पाणी घेत नाहीत. मुळे झोपलेली आणि बुरशी जागी, अशा त्या नऊ रात्री होत्या. "पाणी तर मी एकबी रात चुकवलं नाही," माळीमामा अभिमानाने म्हणाले, आणि मला त्यांना खरे कारण सांगणे जड गेले, कारण झोप मोडून राबणारा माणूस तोच होता.

याशिवाय लॅक्टियाच्या तीन झाडांना पातळ पॉलिथिन गुंडाळून सुतळीने आवळले होते आणि ते आठवडाभर दिवसाही काढले नव्हते. आत दहिवर साचले, प्लॅस्टिक जिथे अंगाला चिकटले तिथली थंडी थेट आत उतरली, आणि दुपारच्या उन्हात त्याच पिशवीत वाफ कोंडली. शेकोट्याही केल्या होत्या. धूर ऊब अडवून धरतो हा समज आपल्याकडे पक्का आहे, परंतु जमिनीतून आकाशाकडे जाणारी उष्णता धुराला फारशी जुमानत नाही. मामांच्या त्या शेकोट्यांवर हुरडा मात्र चांगला भाजला गेला असावा.

भिंतीची भानगड

एक गोष्ट तरीही सुटत नव्हती. सहा पायलोसेरियसपैकी वरच्या बाजूला, घराजवळ असलेल्या दोघांचे शेंडे चार बोटेच गेले होते, तर खालच्या कुंपणभिंतीजवळचे चौघे अधिक करपले होते. भिंतीची ऊब मिळावी म्हणूनच ते तिथे लावले होते, आणि पुस्तकी विचार तोच सांगतो : दिवसभर तापलेली दगड-विटांची भिंत रात्री ऊब परत देते.

मी दोन साधे कमाल-किमान तापमापक आणून गुडघ्याच्या उंचीवर टांगले, एक घराच्या ओट्याशी आणि एक खालच्या भिंतीशी. आठवडाभरात निरभ्र, निवांत पहाटे खालचा पारा वरच्यापेक्षा दोन ते तीन अंशांनी कमी भरला. वारा असलेल्या रात्री फरक जवळपास नाहीसा झाला. कारण सरळ होते. गार हवा जड असते आणि ती उताराने पाण्यासारखी ओढ्याकडे वाहत जाते. ही जमीन ओढ्याकडे उतरत होती आणि खालच्या कडेला उभी असलेली पाच फुटांची सलग भिंत त्या हवेला बांधासारखी अडवत होती. पाऊस पडला असता तर पाणी जिथे तुंबले असते, तिथेच थंडी तुंबत होती. शिवाय भिंतीचे बागेकडचे तोंड उत्तरेला होते, त्यामुळे हिवाळ्यात तिच्यावर ऊन पडतच नव्हते आणि द्यायला तिच्याजवळ ऊबही नव्हती.

वर्तमानपत्रातला आकडा आणि आपल्या बागेतला आकडा यांत अंतर का पडते, हेही यावरून मालकांना समजावता आले. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहून कितीतरी गार असते.

उपाय, क्रमाने

ठिबक त्याच दिवशी बंद केले. पाण्याने सडलेल्या चार गोल्डन बॅरलपैकी दोन तिथेच सोडून द्यावे लागले. उरलेले दोन उपटून, सड कापून, निरोगी पांढरा गर लागेपर्यंत तासले. कापावर गंधकाची भुकटी चोळली आणि सावलीत विटांवर तीन आठवडे ठेवले. तळाची सड दिसली की एक दिवसही थांबता येत नाही. शेंड्यांची गोष्ट उलट आहे. काळवंडलेले शेंडे लगेच छाटू नयेत, कारण मेलेला भाग खालच्या जिवंत भागावर उरलेल्या थंडीपुरते पांघरूण होतो आणि इजा नेमकी कुठे थांबली ती रेषा काही आठवड्यांनी स्पष्ट दिसते. ती छाटणी आम्ही फेब्रुवारीच्या मध्यावर, कोरड्या दिवशी, पाणी साचू नये म्हणून तिरक्या कापाने केली. लॅक्टिया छाटताना मामांना चष्मा घालायला लावले. तिचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

फेब्रुवारीअखेर, ऊन चढू लागल्यावर, २७ झाडे उचलून पुन्हा लावली. मराठवाड्यात मोठा निवडुंग हलवायचा तर हाच काळ मला सर्वांत योग्य वाटतो. मुळे गरम कोरड्या मातीत धरतात आणि पावसापूर्वी त्यांना तीन महिने मिळतात. हायड्रा क्रेनला ट्रकच्या जुन्या ट्यूब बांधून झोळी केली, म्हणजे काटे मोडत नाहीत. उचलण्याआधी प्रत्येक झाडाच्या दक्षिण बाजूला चुन्याची टिकली लावली आणि नव्या जागीही ती टिकली दक्षिणेलाच ठेवली. हा सोपस्कार चुकला तर सावलीत वाढलेली बाजू एप्रिलच्या उन्हात भाजते आणि थंडीतून वाचवलेले झाड उन्हाळ्याला बळी जाते. लावणी खड्ड्यात केली नाही. मुरूम आणि बारीक खडी यांचे अडीच फूट उंचीचे लांबट उंचवटे केले, त्यात माती नावापुरती घातली, आणि शेणखत अजिबात नाही. पहिले पाणी तीन आठवड्यांनी दिले. पायलोसेरियस आणि लॅक्टिया घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत हलवले. ही भिंत दिवसभर तापते आणि तिथून हवा खाली वाहून जाते.

खालच्या भिंतीला दोन ठिकाणी दहा-दहा फूट पाडून तिथे तारेची जाळी बसवायला मी सांगितले. मालक यावर सर्वांत जास्त कुरकुरले.

पांघरुणाचा प्रश्न राहिला. टूसॉन आणि फीनिक्सकडे लोक थंडीच्या रात्री खांबनिवडुंगाच्या टोकांवर थर्मोकोलचे पेले उपडे घालतात. महाराष्ट्रात असे पेले २०१८ पासून बंद आहेत आणि आपल्याला त्यांची गरजही नाही. मामांच्या घरच्यांनी जुन्या बारदानाच्या दुहेरी टोप्या दाभणाने शिवल्या, प्रत्येक सुमारे हातभर लांब, आणि वेळूच्या काठीला खिळा ठोकून ती टोपी दहा फुटांवरच्या शेंड्यावर अलगद चढवण्याची युक्ती मामांचीच. मोठ्या फांदीदार झाडांसाठी काय वापरावे याचा विचार चालू असताना मालकांच्या गोदामात केळीच्या घडांना घालतात त्या स्कर्टिंग बॅगांचा ढीग दिसला. न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचे हे पांढरे कापड हवा आणि बाष्प जाऊ देते, वजनाला हलके असते आणि काट्यांवर अडकले तरी झाडाला इजा करत नाही. परदेशात थंडीपासून रक्षणासाठी विकतात ते कापड याच जातीचे. चार-चार पिशव्या उसवून एकत्र जोडल्या की एका लॅक्टियाचे पांघरूण होते. जमिनीपर्यंत पोहोचेल असेच ते सोडायचे, कारण ऊब जमिनीतून वर येते आणि कमरेशी आवळलेले कापड ती बाहेर ठेवते. सकाळी नऊपर्यंत सगळे काढायचे, दहिवराने भिजलेले बारदान उन्हात वाळवायचे. कापडाखाली पिवळे दिवे लावण्याचीही रीत आहे, पण एलईडीने ऊब मिळत नाही, जुने दिवे आता सहज मिळत नाहीत, आणि शेतातल्या रात्रीच्या विजेवर विसंबून झाड वाचवायचे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

दुसरा हिवाळा

पुढच्या वर्षी सप्टेंबरनंतर खत बंद ठेवले आणि परतीचा पाऊस थांबल्यावर पाणी तोडले. नोव्हेंबरात गोल्डन बॅरलच्या शिरा आत ओढलेल्या दिसू लागल्या, तेव्हा मालकांचा दोनदा फोन आला की झाडे सुकताहेत; दोन्ही वेळा मी पाणी द्यायला नाहीच म्हणालो. डिसेंबर-जानेवारीत मिळून अकरा रात्री टोप्या चढल्या. भिंत फोडलेल्या बाजूचा पारा आता घराजवळच्यापेक्षा जेमतेम एक अंशाने खाली राहतो.

नव्या जागेवरच्या बॅरलपैकी एकही गेला नाही. पायलोसेरियसच्या छाटलेल्या सहापैकी पाच खांबांना कापाखाली दोन-दोन, तीन-तीन फुटवे आले. सरळ खांबाचा डौल गेला, पण झाडे उभी आहेत. लॅक्टियाचे एक झाड पांघरूण असूनही शेंड्यांनी गेले, आणि माझ्या मते ती जात परभणीत उघड्यावर लावूच नये, मोठ्या कुंडीत ठेवून हिवाळ्यात पडवीत घ्यावी. मालकांना हे मान्य नाही.

सर्वांत उंच सेरियस, सुमारे चौदा फुटांचा, क्रेन पोहोचत नसल्यामुळे जुन्या काळ्या मातीतच राहिला आहे. त्याच्या भोवती गुडघाभर चर खणून त्यात खडी भरली, तरी या पावसाळ्यात तो पश्चिमेकडे किंचित कलला. सध्या त्याला तीन बाजूंनी वेळूचे टेकू दिले आहेत. भिंतीच्या जाळीखालून शेजाऱ्यांच्या शेळ्या आत येतात ही मालकांची तक्रार अजून मिटलेली नाही. खालच्या बाजूला काट्या रोवायला मी होकार दिला आहे, फक्त त्या विरळ असाव्यात, हवा जायला वाट राहावी, एवढे मामांना बजावून आलो आहे.